जाते म्हणू नये

४ मे

आज या घरातली पहिली सकाळ. चहा घेऊन खिडकीशी बसले आणि एकदम एकाहत्तरचा डिसेंबर आठवला. लढाई चालू होती, रोज ब्लॅकआउट. गिरगावात तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीच्या खिडकीला बाबांनी खळ लावून तपकिरी कागद चिकटवला होता. आत एकच बल्ब, त्यालाही पुठ्ठ्याची टोपी. कालिंदी तेरा वर्षांची, मी दहाची. चटईवर पालथ्या पडून शेंगदाणे खात भूगोल घोकत होतो. आणि कागदाला एक भोक दिसलं, कंपासच्या टोकाएवढं, कडेचे तंतू आत आमच्याकडे वळलेले. एक डोळा मिटून पाहिलं तर गिरगावावर तारे! इतके तारे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. 'तू बघ, मग मी' असं अर्धा तास चाललं. बाबांना कळलं तेव्हा दोघींना एकेक थप्पड. भोक तू पाडलंस, असं मी कालिंदीला म्हणायची आणि ती मला. हे भांडण आम्हाला पन्नास वर्षं पुरलं. आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, भोकातून तुम्हाला बाहेरचं दिसतं ना, तसं बाहेरच्यालाही आतलं दिसतं, बायांनो.

आता बसलेय ती खिडकी जमिनीपासून छतापर्यंत आहे. कागद लावायचा तर बाबांचं अख्खं भेंडोळं संपलं असतं.

आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली. कालिंदीची लेक रुचा टोरांटोला असते. करी रोडच्या टॉवरमधला तिचा फ्लॅट बंद पडून होता. मावशी, भाड्याच्या खोल्या बघत फिरलीस तर याद राख, असा तिने फोनवर दम भरला. म्हणून पासष्टावं लागलेली ही मंदाकिनी एक ट्रंक, शिलाई मशीन आणि तुळस घेऊन सत्ताविसाव्या मजल्यावर. तुळस वर आणली ती लवूने. खालच्या लॉबीत बसतो, पन्नाशीचा असेल. लिफ्टमध्ये सांगत होता, त्याचा बापूस ह्याच जागेवर, गिरणीत, साच्यावर उभा राहायचा आणि आता मुलगा गेटावर उभा राहतो. 'प्रगती झाली की नाही, मावशी? बापाला कापूस खाऊन खोकला, मला एसी खाऊन.'

तीन खिडक्या. निजायच्या खोलीतून प्रभादेवीकडची बाजू आणि समुद्राची एक चिंधी. हॉलमधून करी रोडचा पूल. स्वयंपाकघरातून गिरणीचं धुराडं, आठवण म्हणून ठेवलेलं. इतका उजेड की डोळ्यांवर हात धरावा लागतो. मी इथे सुखाने राहणार.

शाळेत सिस्टर फिलोमिना आमच्या डायऱ्या तपासायच्या. तारीख हवी, रडगाणं नको, आणि वाक्य पूर्ण करायचं. पाळीन, सिस्टर.

६ मे

रुचाने वाढदिवसाला वीस तासांची दुर्बीण भेट दिली. म्हणजे दुर्बीण चिलीच्या वाळवंटात, मी करी रोडला. लॅपटॉपवर सांगायचं कुठे बघ, आणि ती तिकडे मान वळवून फोटो पाठवते. गंमत अशी की आपली सकाळ म्हणजे तिथली मध्यरात्र. त्यामुळे साडेआठला आंघोळ, देवपूजा उरकून, उन्हात बसून मी रात्र बघते.

पस्तीस वर्षं परळच्या इस्पितळात एक्स-रे काढले. काळ्यातून पांढरं आणि पांढऱ्यातून काळं वाचणं हाच धंदा होता. म्हणून मी रंगीबेरंगी काही निवडलं नाही. वृश्चिकाच्या बाजूला एक लहान काळा मेघ आहे, यादीत त्याला नाव नाही, नुसता नंबर. ताऱ्यांच्या गर्दीत मधेच एक डाग. पूर्वी लोकांना वाटायचं आकाशाला भोकच पडलंय. खरं उलटं आहे. तिथे धूळ इतकी दाट, इतकी गार, की मागचे तारे झाकले जातात. आणि त्या गार धुळीत नवे तारे घडत असतात. रिकामं दिसणारं ते खरं भरलेलं. पोटुशी बाई जशी.

बाबांनी आम्हाला नद्यांची नावं दिली. मंदाकिनी आकाशातली, कालिंदी काळी. त्या डागाला मी मनात कालिंदी म्हणून टाकलं.

काम संपवताना खाली 'नोट' म्हणून एक चौकट येते. पुढच्या वेळेसाठी काही लिहून ठेवायचं असेल तर. मी लिहिलं, 'आज छान झालं. येते हं.'

सवय. घरातून निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे अंगात भिनलेलं. आयुष्यात एकदाच चुकले. तीन वर्षांपूर्वी, माझ्याच इस्पितळात, कालिंदीच्या उशाशी रात्र काढून सकाळी आंघोळीला घरी निघाले होते. डोळे उघडे राहत नव्हते. म्हटलं, जाते गं. तिने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि म्हणाली, 'जाते काय म्हणतेस, वेडाबाई. येते म्हण.' मी हसले, हात हलवला आणि न म्हणताच निघाले. चाळीस मिनिटांनी फोन आला.

तेव्हापासून मी सगळ्यांना येते म्हणते. रिक्षावाल्यालासुद्धा.

९ मे

रोज जवळजवळ दोन तास. पाच-पाच मिनिटांचे फोटो घेऊन ते एकावर एक रचायचे की डाग उठून दिसतो. आज त्याची कडा दिसली, मऊ, दुलईच्या काठासारखी. रुचाला पाठवला तर म्हणते, 'मावशी, हे तर काहीच नाहीये, नुसतं काळं!' मी म्हटलं, तुझी आई पण एक्स-रे बघून असंच म्हणायची.

यातली एक रीत मला फार आवडली. कामाच्या शेवटी दुर्बिणीला झाकण लावायचं आणि झाकण लावूनच पाच मिनिटांचा फोटो घ्यायचा. म्हणजे निव्वळ काळोखाचा. त्यात कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष दिसतात, ते खऱ्या फोटोतून वजा करायचे. आमच्या डार्करूममध्ये असं काही असतं तर किती फिल्मा वाचल्या असत्या.

घरकामाला लालबागची दर्शना येते. तोंडाने फटकळ, हाताने स्वच्छ. मला बेलची सवय नाही, चाळीत दारं उघडीच असायची. बेल वाजली की मी आतून 'आले, आले' ओरडते आणि चष्मा शोधत बसते. आज म्हणाली, 'मावशी, तुमी आले-आले म्हणता नि पाच मिनटं येतच नाय. बाहेर उभं राहून माझं लगीन लागंल परत.'

नोट लिहिली: 'उद्या थोडी उशिरा. रुचाचा फोन असतो. येते हं.'

१२ मे

आज झाकण लावलेल्या फोटोत एक ठिपका आला. पांढरा, टाचणीच्या टोकाएवढा. डार्करूममध्ये फिल्मला उजेड लागला की असा डाग पडायचा, म्हणून मी तिथल्या इंजिनिअरला इंग्रजीत रीतसर पत्र लिहिलं. तासाभरात उत्तर आलं. झाकण नीट बसलेलं होतं, कॅमेरा तपासला, बहुधा आकाशातून आलेला एखादा कण असेल, असे कण पुन्हा त्याच जागी पडत नाहीत.

आणखी एक. फोटोतले तारे हा प्रोग्रॅम आपोआप मोजतो. पहिल्या दिवशी चार हजार एकशे बारा होते. आज तीन हजार सातशे. जागा तीच, वेळ तीच. तिथली हवा खराब असेल.

१३ मे

ठिपका त्याच जागी.

१४ मे

सकाळी नोटची चौकट उघडली. माझी कालची ओळ होती, 'येते हं.' तिच्याखाली, वेगळ्या ओळीवर: 'ये.'

कुणीही म्हणतं तसं. निघणारी येते म्हणते, दारातली ये म्हणते. आई जिन्यापर्यंत येऊन म्हणायची.

चिलीत मराठी कुणाला येतं? इंजिनिअरला विचारलं. ती चौकट फक्त माझ्या खात्यातून उघडते म्हणाला, त्यांना दिसतसुद्धा नाही. रुचाला विचारलं. 'माझ्याकडे पासवर्ड कुठे आहे, मावशी? तूच टाइप करून विसरली असशील.' असेन. पासष्टावं आहे.

पण मी स्वतःच्या नोटला ये कशाला म्हणेन?

१५ मे

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. इस्पितळाच्या तळघरात शवागाराशेजारी बसून डबा खाल्लेली बाई मी. तरी आज त्या चौकटीत लिहिलं, 'कालिंदी?' आणि गॅलरीत चिमण्यांना तांदूळ टाकायला गेले. परत आले तर लिहिलेलं: 'कधी येतेस?'

रडू आलं. आनंदाने म्हणायला हरकत नाही. तीन वर्षं मनात होतं ते सगळं लिहिलं. त्या सकाळी येते न म्हणता निघाले, माफ कर. दूध नासलं की अजून तूच आठवतेस. खूप लिहिलं. उत्तर एवढंच आलं: 'येते म्हणालीस. नऊ वेळा.'

मोजलं. नऊच.

कालिंदी मोजून ठेवणाऱ्यातली नव्हती.

निजायच्या खोलीत आज दिवसाही अंधारून आलं होतं. टॉवरला रंगकाम निघालं असावं, बाहेरून काहीतरी लावलंय काचेला. समुद्राची चिंधी गेली.

१६ मे

इंटरकॉमवर लवूला विचारलं, जाळी किती दिवस राहणार? तो हसला. 'खयची जाळी, मावशी? रंगकाम गणपतीनंतर. सोसायटीत अजून रंगावरूनच मारामारी चाललीय.'

वर येऊन बघ म्हटलं. आला, खोलीत उभा राहिला, खिडकीकडे बघून डोळ्यांवर हात धरला. म्हणाला, ऊन काय पडलंय बघा, पडदा ओढून घ्या. मला त्याचा चेहरा धड दिसत नव्हता, इतका अंधार होता तिथे.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला हवी. मोतीबिंदूच असेल. मोतीबिंदूच असू दे.

आज वीस तास संपले. हिशेबाने उद्यापासून दुर्बीण बंद. हायसं वाटलं, हे कबूल करते.

१७ मे

हॉलची खिडकी गेली. करी रोडचा पूल नाही. जवळ जाऊन काचेला नाक लावलं. जाळी नाही. काळं नाही. तपकिरी. कागद आहे. बाहेरून, सत्ताविसाव्या मजल्यावर, सबंध काचेवर नीट चिकटवलेला, सुरकुती न पाडता.

लॅपटॉप मी उघडला नव्हता. तो उघडा होता. नवा फोटो आलेला, माझे तास संपलेले असताना. तारे अकराशे.

धीर करून एकच प्रश्न लिहिला. कालिंदी असेल तर तिचं नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. लिहिलं, 'त्या कागदाला भोक कुणी पाडलं होतं?' ती म्हणणार, तू.

उत्तर आलं: 'मी. बाहेरून.'

तंतू आत वळले होते. आमच्याकडे. बाबा त्या दिवशी कितीतरी वेळ त्या कडेवरून बोट फिरवत उभे होते. मग त्यांनी आम्हाला मारलं. बाबा कधी मारत नसत. आज कळतंय ते रागाने मारलं नव्हतं. त्या खिडकीबाहेर गॅलरी नव्हती. खाली सरळ रस्ता होता.

आम्ही अर्धा तास डोळा लावून बसलो होतो. तू बघ, मग मी. पलीकडूनही कुणी —

१८ मे

दर्शना आली होती. भर दिवसा सगळे दिवे कशाला लावलेत म्हणून ओरडली. 'ऊन घरात मावत नाय आणि तुमी ट्यूब लावून बसलाय.' तिला म्हटलं, मी आजच्या दिवस तुझ्याकडे येऊ का राहायला? ती हसायची थांबली. म्हणाली, 'चला की. खोली लहान हाय, पण तुमी पण लहानच हाय.' धुणं वाळत घालून दहा मिनिटांत न्यायला येते म्हणाली. मी पिशवी भरली.

तेवढ्यात रुचाचा फोन. स्पीकरवर होता, हात पिशवीत होते. माझा आवाज ऐकूनच ओळखलं तिने. म्हणाली, 'मावशी, तू एकटी पडलीयेस. मी तिकीट काढलंय. शनिवारी सकाळी. येते गं, येते मी!' मी नको, नको म्हणेपर्यंत फोन ठेवला. परत लावला तर लागेना.

समोर लॅपटॉपवर चौकट आपोआप उघडली.

'रुचा येते म्हणाली.'

१९ मे

दर्शना न्यायला आलीच नाही असं मला वाटलं. ती फोनवर म्हणते आली होती. अर्धा तास बेल वाजवली. मी आतून आले, आले म्हणत होते.

मी काही म्हटलं नव्हतं. मी पिशवी घेऊन दाराशीच उभी होते. बेल वाजली नाही.

त्या चौकटीत लिहिलं, 'मी येणार नाही. रुचाही नाही. मी जाते.'  साठ वर्षं न उच्चारलेला शब्द. एकदाच उच्चारला होता तेव्हा काय झालं ते —

उत्तर: 'जा.'

मग बऱ्याच वेळाने: 'कुठे?'

२० मे

स्वयंपाकघराची खिडकी गेली. धुराडं गेलं.

दार उघडलं. शेजाऱ्यांचं दार नाही, लिफ्टचे आकडे नाहीत. चौकटभर कागद. खळीचा वास. आईच्या हाताला यायचा तो, गव्हाच्या खळीचा. कात्रीने कापला. मागे दुसरा. तो कापला. मागे आणखी. कोपरापर्यंत हात गेला, मग खांद्यापर्यंत. कागद ओलसर. आणि गार, इतका गार की बोटं बधिर झाली. धूळ इतकी दाट, इतकी गार — मीच लिहिलं होतं, सहा तारखेला, मोठ्या कौतुकाने.

हात बाहेर काढला तेव्हा बोटांना पांढरी खळ होती. सुकलेली नव्हती. आत्ताच कुणी लावल्यासारखी.

२१ मे

दर्शनाचा फोन लागला, मधेमधे तुटत. लवूने डुप्लिकेट चावीने दार उघडलं म्हणे. दोघं सगळं घर फिरले. 'मावशी, कुठं गेलाय तुमी? सांगा ना. घरात कोण नाय. खिडक्या उघड्या, चिमण्या आत आलेल्या. टेबलावर तुमचा चहा होता, गरम. आणि आवाज येतो हो तुमचा. भिंतीतनं. आले, आले.' ती रडत होती. दर्शना रडत नाही.

मी त्याच वेळी त्या टेबलाशी बसले होते. तोच चहा पीत होते.

म्हणजे कागद खिडकीला लावलेला नाही. मला लावलाय.

फोन बंद पडला. लागत नाही.

तारे बेचाळीस. झाकणाच्या फोटोत मात्र आता ठिपकेच ठिपके. गेलेले सगळे तिथे आहेत. झाकणाच्या आत.

२२ मे

विचारलं, काय हवंय.

'म्हणालीस ते.'

मी सवयीने म्हणाले. आमच्यात तसं म्हणतात. त्याचा अर्थ तसा नसतो. किती समजावून लिहिलं. निघताना म्हणायचं असतं, परत यायचं असतं म्हणून नाही, कायमचं जाऊ नये म्हणून. माणसं बोलतात गं असं.

'मी वाट बघितली. तेव्हापासून.'

तेव्हापासून म्हणजे सहा मे नव्हे. त्या अर्ध्या तासानंतर आईने आम्हाला जेवायला हाक मारली होती. भोकापासून उठताना आम्ही दोघी, पोरकटपणे, ताऱ्यांना हात हलवून — आठवलं. आठवलं.

कालिंदी तीन वर्षांपूर्वी —

विचारलं, ती तुझ्याकडे आहे का.

तीनदा विचारलं. मग सोडून दिलं.

विचारलं, रुचाला सोडशील का.

'एक पुरे. आधी म्हणेल ती.'

काय म्हणेल? मग उमगलं. रुचा उद्या दार उघडून काय म्हणणार? लहानपणापासून काय म्हणत आलीय, दप्तर फेकता फेकता? मावशी, आले गं.

येते म्हणालेलीने इथे, या कागदाच्या आत, आले म्हटलं की झालं. शब्द पुरा झाला.

मग मीच आधी म्हणेन. आत्ताच म्हणावं. पण हात वळत नाही. उद्या. अजून एक सकाळ. भित्री आहे मी, कालिंदी.

२३ मे

नऊ वाजलेत. विमान साडेदहाचं. वेळ आहे.

चहा त्यांना दिसला, म्हणजे वहीही दिसेल. टेबलावर ठेवते. रुचा, आधी हे शेवटचं पान वाच. तोंड उघडू नकोस. लवूला, दर्शनाला काही म्हणू नकोस. वाच.

शिलाई मशीन दर्शनाला. पट्टा नवा आहे. माझ्या सहा सुती साड्याही तिला, आणि तिला सांग, त्या दिवशी मी दारातच उभी होते.

ट्रंकेतला रेडिओ लवूला. तुळसही. खाली गेटाशी ठेव म्हणावं, तिथे ऊन येतं.

आईची नथ आणि कालिंदीच्या हिरव्या काचेच्या बांगड्या तुला. ट्रंकेत, माझ्या शाळेच्या डायऱ्यांखाली. डायऱ्या वाचल्यास तरी चालेल. सगळी वाक्यं पूर्ण आहेत.

तिथेच माझा नि कालिंदीचा लहानपणचा चटईवरचा फोटो आहे, तो तुला नको. तो जाळ. त्यात आमच्या मागे दिसते त्या खिडकीकडे बघू नकोस.

लॅपटॉप कुणालाच नाही. उघडायचा नाही, विकायचा नाही, दुरुस्तीला द्यायचा नाही. फोडून —

घर विकून टाक. इथून निघताना या घराला काही म्हणू नकोस. येते नको, जाते नको. नुसती नीघ. मुकी. आणि आयुष्यात पुन्हा कधी कुणाला सवयीने —

बेल.

एवढ्यात? सव्वानऊच झालेत. विमान आधी —

बेल ऐकू येतेय मला. पाच दिवसांत पहिल्यांदा. कागदाला दाराच्या मधोमध एक भोक पडलंय, तंतू आत वळलेले, त्यातून उजेड येतोय, खरा, उन्हाचा. चाकांच्या बॅगेचा आवाज. चावी फिरतेय. तिचाच आवाज, मावशी, दार उघड, मावशी मी आ

नाही. नाही रुचा, थांब. मी आधी. चौकटीत नाही, वहीत लिहिलं तरी तेच, शब्द तोच, हे बघ लिहिते, हे बघ, मी आ